गेथशेमानेच्या बागेत येशू प्रार्थना कोणाला करत होता? (आणि बायबलमधल्या आणखी दोन शंका)

शंकेखोर

चारही शुभवर्तमानं आणि नव्या करारातली बरीच पत्रं सलग वाचून काढली. आधी फक्त इकडेतिकडे उद्धृत केलेली वचनं माहीत होती. मी श्रद्धाळू नाही, पण टिंगल करायलाही आलेलो नाही. तीन ठिकाणी अडलो आहे.

१. हा मुख्य प्रश्न. पकडला जाण्याच्या रात्री येशू गेथशेमानेत जमिनीवर पडून प्रार्थना करतो: हा प्याला (म्हणजे येऊ घातलेलं दुःख आणि मरण) माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे (मार्क १४:३६). येशू जर देवच, तर ही प्रार्थना कोणाला? स्वतःला? आणि 'माझी इच्छा' आणि 'तुझी इच्छा' वेगळ्या निघाल्या तर देव दोन झाले की!

२. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कार्योत मेला कसा? मत्तय म्हणतो गळफास घेतला. प्रेषितांची कृत्ये म्हणतं पालथा पडला आणि पोट फुटलं.

३. तारण (म्हणजे उद्धार) विश्वासाने की कर्मांनी? नव्या करारातल्या पत्रांत पौल एक सांगतो, याकोब नेमका उलटा.

'श्रद्धा ठेवा, आपोआप कळेल' हे उत्तर नको. 'सगळं थोतांड' हेही नको. यांच्या मधलं काही असेल तर जरूर लिहा.

पानोपानी

वाचनखूण साठवली. धागा शंभरी गाठणार.

मेंढपाळ

आमच्या रविवारच्या शाळेत हे तिन्ही प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून येतात. मोठी माणसं विचारायला लाजतात.

पहिल्याचं थोडक्यात उत्तर: त्रैक्य. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्ती. पुत्र म्हणजे पिता नव्हे. त्यामुळे गेथशेमानेत पुत्र पित्याशी बोलतोय, स्वतःशी नाही. मुलांना मी पाण्याचं उदाहरण देतो. बर्फ, पाणी, वाफ. रूपं तीन, पदार्थ एक.

अर्धविराम

मेंढपाळ, राग मानू नका, पण ते पाण्याचं उदाहरण चर्चनेच पाखंड ठरवलेलं आहे. एकच देव कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून दिसतो, म्हणजे नुसते वेष बदलतो, असं तिसऱ्या शतकात साबेलियस शिकवत असे. चर्चने ते नाकारलं. कारण काय? तर हाच गेथशेमानेसारखा प्रसंग. तेच पाणी एकदा बर्फ आणि एकदा वाफ होत असेल, तर बर्फाने वाफेची करुणा भाकण्याला अर्थ काय? ते नाटक झालं.

दुसऱ्या टोकाला चौथ्या शतकातला धर्मगुरू आरियस. पुत्र हा देवाने निर्माण केलेला, सर्वश्रेष्ठ पण निर्मितच, असं त्याचं म्हणणं. हे मान्य केलं तर शंकेखोर यांचा प्रश्न चुटकीसरशी सुटतो: खालचा वरच्याला प्रार्थना करतो. ३२५ साली नायसियाच्या परिषदेने हेही फेटाळलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं जाहीर केलं. सोपी वाट दोन्हीकडे होती, दोन्ही बंद केल्या. म्हणून सिद्धांत अवघड वाटतो.

नास्तिकनाना

म्हणजे येशू देव आहे की नाही हे त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी बिशपांनी हात वर करून ठरवलं, तेही रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या बैठकीत. 'त्रैक्य' हा शब्द बायबलमध्ये आहे का? नाही. उलट 'पिता माझ्यापेक्षा थोर आहे' हे योहान १४:२८ मध्ये खुद्द येशूच्या तोंडी आहे.

मेंढपाळ

@अर्धविराम, मुलांसाठी ती पहिली पायरी आहे, मी तिथे थांबत नाही. वापरत राहणार.

@नाना, शब्द नाही, मान्य. पण मत्तय २८:१९ मध्ये पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा आहे. 'शब्द देव होता' हे योहान १:१. थोमा पुनरुत्थित येशूला 'माझा प्रभू व माझा देव' म्हणतो, योहान २०:२८. हे सगळं नायसियाच्या कितीतरी आधीचं.

अर्धविराम

नाना, बायबलबाहेरचाही एक पुरावा घ्या. साधारण ११२ साली बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. त्यात पकडलेल्या ख्रिस्ती लोकांची हकीकत आहे: ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. लिहिणारा ख्रिस्ती नाही, उलट त्यांना शिक्षा देणारा. म्हणजे पूजा आधीपासून चालू होती. तिचा एकेश्वरवादाशी मेळ कसा घालायचा, हे भांडण पुढे तीन शतकं चाललं.

आणि हात वर करून प्रश्न मिटला असंही झालं नाही. नायसियाचा खंदा समर्थक अथानासियस पुढे पाच वेळा हद्दपार झाला, कारण नंतरच्या काही बादशहांना आरियसचा पक्ष सोयीचा होता. पवित्र आत्म्याबद्दलचं कलम तर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत विस्ताराने आलं.

नास्तिकनाना

बरं, प्लिनी मान्य. मग माझी एक जुनी शंका. गेथशेमानेत शिष्य झोपले होते ना? मग प्रार्थना ऐकली कोणी? लिहून घ्यायला कोण बसलं होतं?

खोडसाळ

झोपेचं सोंग घेतलेला एखादा असतोच. आमच्या हॉस्टेलमध्ये सगळ्या बातम्या तशाच फुटायच्या.

तळटीप

गमतीत म्हटलंत, पण मार्क नीट वाचा. अकरांपैकी पेत्र, याकोब आणि योहान या तिघांना तो बरोबर नेतो आणि त्यांच्यापासून 'थोडासा पुढे' जातो. लूक अंतर सांगतो: दगड टाकला तर पडेल इतकं. म्हणजे हाकेच्या अंतरावर. आणि तो एकदाच प्रार्थना करून मोकळा होत नाही; येतो, त्यांना उठवतो, परत जातो, असं तीनदा. पहिल्या खेपेला पेत्राला म्हणतो, 'शिमोना, झोपी गेलास काय? घटकाभरही जागं राहवलं नाही?' प्रार्थनेतली पहिली वाक्यं डोळा लागण्याआधी कानावर पडली असणं अशक्य नाही.

शिवाय मार्क १४:५१-५२ मध्ये एक विचित्र पात्र आहे. अंगावर फक्त तागाचं वस्त्र पांघरलेला एक तरुण. त्याला धरायला जातात, तर तो वस्त्र टाकून उघडाच पळून जातो. नाव नाही, गाव नाही, गोष्टीत काही काम नाही. हा मार्क स्वतःच असावा असा तर्क बरेच जण करतात. सिद्ध काही होत नाही, पण बागेत शिष्यांखेरीज आणखी कोणी होतं, एवढं मार्कच सांगतो.

इब्री लोकांस पत्रातही (५:७) येशूने मोठा आक्रोश करून, अश्रू गाळून, मरणातून सोडवू शकणाऱ्याला विनवण्या केल्याचा उल्लेख आहे. ते पत्र मार्कवरून उतरवलेलं दिसत नाही. म्हणजे ही आठवण एकाच वाटेने आलेली नसावी.

उलट बाजूही सांगतो. रक्ताच्या थेंबांसारखा घाम आणि धीर द्यायला आलेला देवदूत, ही लूकमधली दोन वचनं (२२:४३-४४) काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत नाहीत. चित्रकारांचा आवडता भाग नेमका तोच.

नास्तिकनाना

'अशक्य नाही' आणि 'घडलं' यात फरक आहे. पण उत्तर अभ्यासपूर्ण. धन्यवाद.

शंकेखोर

उघड्या तरुणाकडे माझं लक्षच नव्हतं! यहूदाचं काय?

तळटीप

आधी दोन्ही मजकूर समोर ठेवू. मत्तय २७: यहूदाला पस्तावा होतो, विश्वासघाताबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी मंदिरात फेकतो, जाऊन गळफास घेतो, त्या पैशातून कुंभाराचं शेत विकत घेतात ते मुख्य याजक. कृत्ये १:१८: शेत यहूदाच विकत घेतो, तिथेच पालथा पडतो, पोट फुटून आतडी बाहेर येतात. म्हणजे फरक मरणाच्या प्रकारातच नाही, खरेदीदारही वेगळा.

जुनी तडजोड अशी: फास घेतला, दोर तुटला किंवा प्रेत फुगून खाली पडलं, आणि पैसे यहूदाचे म्हणून खरेदी त्याच्या नावे धरली. ज्यांना पटते त्यांना पटते. मला ती ओढूनताणून जमवलेली वाटते. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या पापियसने तर तिसरीच हकीकत दिली आहे: यहूदा इतका सुजला की गाडी जाईल अशा वाटेनेही त्याला जाता येईना.

तिघांत न बदलणारी गोष्ट म्हणजे त्याचा अंत वाईट झाला. मत्तय आणि कृत्ये यांत आणखी एक गोष्ट जुळते: यरुशलेमेत 'रक्ताचं शेत' म्हणून ओळखली जाणारी जागा होती आणि लोक तिचा संबंध यहूदाशी जोडत. माझ्या मते दोन लेखकांपर्यंत दोन वेगळ्या तोंडी हकीकती पोचल्या.

त्याच ठिकाणी मत्तय 'यिर्मया संदेष्ट्याचं वचन पूर्ण झालं' म्हणतो, पण तीस नाण्यांचा मजकूर आहे जखऱ्या ११ मध्ये. यिर्मयात कुंभार आहे, शेतखरेदीही आहे, नाणी तीस नाहीत. दोघांची सरमिसळ करून मोठ्या संदेष्ट्याचं नाव दिलं, असं बहुतेक भाष्यकार म्हणतात.

मेंढपाळ

मला दोर तुटल्याची मांडणी ओढूनताणून वाटत नाही. एका घटनेचे दोन साक्षीदार दोन टोकं पाहतात. तरी मुलांना मी दोन्ही उतारे वाचायला लावतो. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

खोडसाळ

अवांतर: 'जो स्वतःची मदत करतो त्याला देव मदत करतो' हे कुठल्या अध्यायात आहे? शोधून दमलो.

तळटीप

कुठल्याच नाही. तसंच एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असंही उत्पत्तीत नाही, आणि बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले मागी (ज्ञानी लोक) तीन होते असंही मत्तय म्हणत नाही. भेटी तीन, माणसं किती ते दिलेलं नाही. 'पैसा सगळ्या वाइटाचं मूळ' असंही नाही. १ तीमथ्य ६:१० म्हणतं पैशाचा लोभ.

पानोपानी

'दोष काढू नका, म्हणजे तुमचे दोष काढले जाणार नाहीत' हे तरी आहे ना? चर्चा संपवायला फार कामी येतं.

तळटीप

मत्तय ७:१, आहे. पण तोच अध्याय पुढे वाचा. पाचव्या वचनात आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल असं आहे. म्हणजे कुसळ काढायचंच आहे! पंधराव्यात खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा. पारख केल्याशिवाय सावध राहणार कसं?

वचनांचे आकडे फार उशिरा आले, हे विसरू नका. अध्याय पाडले स्टीफन लँगटनने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला; नव्या कराराला आजचे वचनांक दिले रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये. पौलाने आकडे घालून पत्रं लिहिली नाहीत. आकड्यांमुळे एकेक वाक्य सुटं करून भिंतीवर टांगायची सोय झाली आणि आजूबाजूचा मजकूर गळाला. यिर्मया २९:११ मधलं 'भविष्य आणि आशा' सगळ्यांना पाठ असतं. दहाव्या वचनात त्यासाठी बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, ते कोणी टांगत नाही.

खोडसाळ

सत्तर वर्षांचं पोस्टर खपणार नाही हो.

कोरा_कागद

तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. माझं घर कॅथलिक. याकोब २:२४ स्वच्छ सांगतं की मनुष्य कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. आणि २:१९ मधला टोला पाहा: देव एकच आहे असा विश्वास भुतंही ठेवतात आणि थरथर कापतात! मत्तय २५ मध्ये निवाड्याच्या वेळी विचारणा होते ती भुकेल्याला खायला दिलंस का, तुरुंगात भेटायला गेलास का, याची.

मेंढपाळ

पण रोमकरांस ३:२८? नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून, विश्वासाने. इफिसकरांस २:८-९: कृपेनेच तारण, कोणी बढाई मारू नये म्हणून. आणि येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराने कुठली सत्कर्मं केली होती? त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' मिळालंच.

कोरा_कागद

इफिसकरांस नऊवर का थांबलात? दहावं वाचा: सत्कर्मं करण्यासाठीच आपण निर्माण झालो. तळटीप यांनी आत्ताच सांगितलं ना, आकड्यांवर थांबू नका म्हणून :)

अर्धविराम

दोघंही अब्राहामाकडे वळतात, तिथे गाठ सुटते असं मला वाटतं. 'अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणण्यात आलं', उत्पत्ती १५:६. पौल हेच वाक्य घेतो (रोम ४:३), याकोबही हेच घेतो (२:२३). पण पौलाचा वाद आहे तो यहूदीतर लोकांना आत घेण्यासाठी सुंता आणि नियमशास्त्र लागू करावं का, यावर. म्हणून तो दाखवतो की हे वाक्य अब्राहामाच्या सुंतेआधीचं आहे. याकोबापुढे आहेत ते उघड्यावाघड्या भावाला 'सुखाने जा, ऊब घे' म्हणून वाटेला लावणारे. म्हणून तो उत्पत्ती २२ मधलं इसहाकाचं अर्पण पुढे करतो. दोघांचे प्रतिपक्षी वेगळे.

सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याला मात्र हे पटलं नव्हतं. १५२२ च्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं पत्र म्हटलं. तरी बायबलमधून काढलं नाही, पार मागच्या बाजूला ढकललं. १९९९ साली ऑग्सबुर्गला कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: तारण कृपेनेच, आणि सत्कर्मं हे त्याचं फळ. सगळे मतभेद संपले नाहीत, पण एकमेकांवर जुने शाप लागू राहिले नाहीत.

मेंढपाळ

फळ म्हणालात तर मला मान्य. मूळ म्हणालात तर नाही.

कोरा_कागद

आणि फळ नसलेल्या झाडाचं काय होतं ते येशूने सांगितलंय. पण थांबते, नाहीतर सोळावं शतक इथेच पुन्हा सुरू होईल.

सांजवेळ

सहसा फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझ्या धाकट्या भावाची दृष्टी गेली. प्रार्थनेला येणाऱ्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आईला सांगितलं की घरात कोणाचं तरी पाप असणार, नाहीतर तुमचा विश्वास कमी पडतोय. आई तेव्हापासून खचली आहे. बायबल खरंच असं म्हणतं का?

मेंढपाळ

ताई, नाही. योहान ९ आईंना वाचून दाखवा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य हाच प्रश्न विचारतात: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांबद्दल तो विचारतो, ते काय यरुशलेमेतल्या सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते? आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. ईयोबाच्या मित्रांनीही पानंच्या पानं 'तुझं काहीतरी चुकलं असणार' असं सुनावलं; शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर (४२:७).

'विश्वास कमी पडला म्हणून प्रार्थना फळली नाही' म्हणणाऱ्याला गेथशेमाने दाखवा. प्याला दूर कर असं येशूने मागितलं. प्याला दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला का?

नास्तिकनाना

मेंढपाळ यांच्याशी शंभर टक्के सहमत. तारीख लिहून ठेवा. सांजवेळ, आईंना त्या व्यक्तीपासून जरा लांब ठेवा.

फक्त एक खुपतं. योहान ९:३ पुढे म्हणतं की देवाची कार्यं प्रकट व्हावीत म्हणून. म्हणजे एका माणसाला जन्मभर अंधारात ठेवायचं, नंतरच्या चमत्कारासाठी?

मेंढपाळ

ते मलाही जड जातं. पण शिष्य कारण शोधत उभे राहतात आणि येशू त्या माणसाचे डोळे बरे करायला लागतो, हे मला त्या प्रसंगात जास्त मोठं दिसतं.

सांजवेळ

योहान ९ आज रात्रीच वाचते आईबरोबर. धन्यवाद सगळ्यांना.

शंकेखोर

मूळ प्रश्नाकडे येतो. प्रार्थना कोणाला, हे कळलं: पुत्राची पित्याला. पण अर्धा प्रश्न राहिलाच. देव एक म्हणता तर इच्छाही एकच हवी. मग 'माझ्या इच्छेप्रमाणे नको' यातली 'माझी' कुठली?

अर्धविराम

याच वाक्यावर सातव्या शतकात माणसं देशोधडीला लागली. ४५१ च्या खाल्किदोन परिषदेने ठरवलं होतं की येशू एकच व्यक्ती, पण स्वभाव दोन: पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. इजिप्त, आर्मेनिया, सीरिया इथल्या अनेक चर्चनी ते मानलं नाही. बादशहांना साम्राज्य एकत्र ठेवायचं होतं, म्हणून तोडगा निघाला: स्वभाव दोन असू देत, इच्छा एकच म्हणू. तेही पचेना, तेव्हा ६४८ मध्ये दुसऱ्या कॉन्स्टन्सने हुकूम काढला की इच्छा एक की दोन यावर कोणी बोलायचंच नाही.

खोडसाळ

धागा वाचनमात्र केला!

अर्धविराम

अगदी तसंच. मॅक्सिमस नावाचा साधू मात्र गप्प बसला नाही. त्याचा आधार गेथशेमानेच. त्याचं म्हणणं: येशूला मानवी इच्छा नसेल तर तो पूर्ण माणूस नव्हे. जिवंत शरीर मरणापुढे कचरतं, यात पाप नाही; तो माणसाचा स्वभाव आहे. 'प्याला दूर कर' ही ती मानवी इच्छा. पिता आणि पुत्र यांची दैवी इच्छा एकच. तिला ही मानवी इच्छा जबरदस्तीविना होकार देते, तेच 'तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे'. त्यामुळे देव दोन होत नाहीत. भीती खरी, आणि होकारही खरा.

मॅक्सिमसची जीभ छाटली, उजवा हात तोडला, आजच्या जॉर्जियाच्या बाजूला हद्दपार केलं. ६६२ मध्ये तिथेच गेला. ६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचीच बाजू सिद्धांत म्हणून स्वीकारली, पण ठरावात त्याचं नावही घेतलं नाही.

नास्तिकनाना

जीभ छाटणारेही ख्रिस्तीच होते, हे नोंदवून ठेवतो. युक्तिवाद मात्र सुरेख आहे.

शंकेखोर

आता लगेच पुढचा प्रश्न. मार्क १३:३२: तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. इच्छा दोन, तर ज्ञानही दोन धरायचं का?

अर्धविराम

आरियसच्या लोकांचं हे लाडकं वचन. अथानासियसचं उत्तर असं की तो माणूस म्हणून न जाणणारा, देव म्हणून जाणणारा. लूक २:५२ मध्ये बाल येशू ज्ञानाने वाढत गेला असंही आहेच. ज्याला सगळं आधीच ठाऊक, तो वाढेल कसा? पण एकाच व्यक्तीत जाणणं आणि न जाणणं एकत्र कसं नांदतं, यावर धर्मपंडितांचं आजही एकमत नाही. मला स्वतःला मॅक्सिमसचं उत्तर इच्छेच्या बाबतीत जितकं पटतं तितकं अथानासियसचं ज्ञानाच्या बाबतीत पटत नाही.

मेंढपाळ

मला पटतं, पण सविस्तर उद्या लिहितो. मुलांच्या वह्या तपासायच्या आहेत.

खोडसाळ

तोवर कोणी प्रकटीकरणातल्या ६६६ चं, त्या पशूच्या आकड्याचं, सांगेल का?

संपादक

प्रकटीकरणासाठी कृपया नवीन धागा काढावा. या धाग्यात पशू आणू नये.